निकालानंतरचा माणूस: फ्रांटिशेक लांगर, नाटककार आणि लष्करी डॉक्टर



प्रागचा ज्यू लेखक म्हटले की आपल्यासमोर आधी काफ्का उभा राहतो, मग त्याचा मित्र माक्स ब्रोड आणि कवी फ्रांत्स व्हेर्फेल. ही सगळी मंडळी जर्मनमध्ये लिहिणारी. त्याच शहरात, त्याच पिढीत, चेक भाषेत लिहिणारे ज्यू लेखकही होते. चेक ही छोट्या राष्ट्राची भाषा, त्यामुळे त्यांची नावे आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचली. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते फ्रांटिशेक लांगर त्यांच्यापैकीच एक. जन्म ३ मार्च १८८८, मृत्यू २ ऑगस्ट १९६५. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत कारेल चापेकच्या खालोखाल ज्या चेक नाटककाराची नाटके देशाबाहेर गेली, तो हा माणूस. माक्स राइनहार्टसारख्या दिग्दर्शकाने त्याचे नाटक हाती घेतले, न्यूयॉर्कच्या थिएटर गिल्डने १९२९ साली दुसरे एक रंगमंचावर आणले. हे सारे चालू असताना लांगर चेकोस्लोव्हाक सेनेत डॉक्टर म्हणून नोकरी करत होता आणि पुढे जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढला. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतात. दिवसा डॉक्टर, रात्री नाटककार. एक पेशा पोटासाठी, दुसरा जिवासाठी. ही वाटणी मला मान्य नाही. लांगरच्या उत्तम नाटकांच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो त्याला लष्करी डॉक्टरच्या कामाने दिला, असे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

आधी युद्धापूर्वीचा लांगर पाहू, कारण नंतर काय बदलले ते त्याशिवाय कळणार नाही. प्रागला लागून असलेल्या विनोह्राडी उपनगरात, चेक बोलणाऱ्या ज्यू दुकानदाराच्या घरात तो वाढला. प्रागच्या चेक विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकला आणि १९१४ साली डॉक्टर होऊन बाहेर पडला. विद्यार्थी असतानाच तो चित्रकार-शिल्पकारांच्या नव्या गटात मिसळला. पॅरिसमधल्या क्युबिझमचे वारे प्रागमध्ये आणणारा हा गट, आणि चापेक बंधू त्यात होते. १९१० साली त्याचा ‘सोनेरी व्हीनस’ हा कथासंग्रह आला, १९१२ साली संत व्हाट्स्लावावरचे नाटक आले. या लेखनात घाट रेखीव आहे, भाषा घासूनपुसून घेतलेली आहे, पण माणसे दूर उभी आहेत. दुसरीकडे, पुढे ‘श्वेइक’ ही कादंबरी लिहिणाऱ्या यारोस्लाव हाशेकशी त्याची घट्ट मैत्री होती. १९११ साली हाशेकने विनोह्राडीतल्या खाणावळीत ‘कायद्याच्या मर्यादेत राहून सौम्य प्रगती करणारा पक्ष’ काढला आणि निवडणुकीची टवाळी केली, त्या टोळीत लांगर होता. थोडक्यात, अभिजात वळणाची कला एका हाताला आणि खाणावळीतला हुल्लडी विनोद दुसऱ्या हाताला. ज्या लांगरमुळे आज आपण त्याचे नाव घेतो तो या दोहोंत नाही.

पदवी हातात पडली आणि युद्ध सुरू झाले. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात डॉक्टर म्हणून त्याला गॅलिशियाच्या आघाडीवर पाठवण्यात आले. लष्करी डॉक्टर हा काय प्राणी आहे, याचा इथे थोडा थांबून विचार करायला हवा. नागरी डॉक्टरपुढे रोगी येतो तो बरा होण्यासाठी, आणि दोघांचा हेतू एकच असतो. पलटणीच्या डॉक्टरचे तसे नसते. मलमपट्टीच्या तंबूत जखमी येऊन पडले की कोणाला आधी घ्यायचे, कोणाला मागे रुग्णालयात धाडायचे आणि कोणाच्या बाबतीत आता काही उपयोग नाही, हे त्याला काही क्षणांत ठरवावे लागते. त्याहून कठीण काम पुढेच असते. शिपाई बरा झाला की ‘तंदुरुस्त’ या शेऱ्याखाली सही डॉक्टरचीच, आणि त्या सहीने तो माणूस पुन्हा खंदकात जातो. ज्या हाताने जखम शिवली त्याच हाताने मृत्यूकडे रवानगी. शिवाय आजाराचे सोंग घेणारे ओळखून काढणे हेही त्याचेच कर्तव्य. हाशेकच्या ‘श्वेइक’मध्ये लष्करी रुग्णालयाची प्रकरणे आहेत. तिथे प्रत्येक चेक शिपाई सोंगाड्याच, असे धरून डॉक्टर क्विनीन, पोट धुणे आणि एनिमा यांचा मारा करतात. हाशेकने हे पलंगावरून पाहिले. लांगर त्या पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, सही करणाऱ्यांच्या बाजूला उभा होता. लष्करी डॉक्टर म्हणजे दयेचा पुतळा, अशी भाबडी समजूत करून मी हे बोलत नाही, हे यावरून ध्यानात यावे. तो बरे करणारा असतो आणि निवाडा देणाराही. आणि हा निवाडा पुराव्याविना, घाईत, अपील नसलेला.

१९१६ साली लांगर रशियनांच्या हाती कैद झाला. पुढे तो कैदेतल्या चेक-स्लोव्हाक सैनिकांतून उभ्या राहिलेल्या लीजनमध्ये दाखल झाला आणि यान हुस यांच्या नावाच्या पहिल्या रेजिमेंटचा मुख्य डॉक्टर बनला. रशियात क्रांती झाली, मे १९१८ मध्ये चेल्याबिन्स्कच्या स्टेशनावर ठिणगी पडली, आणि पूर्वेकडे व्लादिवोस्तोकमार्गे फ्रान्सला जाऊ पाहणारी ही फौज बोल्शेविकांशी लढत लढत सैबेरियाच्या रेल्वेमार्गावर पसरली. मालगाडीच्या डब्यांत दोन्ही बाजूंना फळ्यांचे माळे ठोकून, मध्ये लोखंडी शेगडी ठेवून हे सैनिक महिनोन्महिने, काही तर वर्षावर राहिले. तिथे डॉक्टरचा खरा शत्रू होता ऊ आणि तिच्यातून पसरणारा टायफस. कपडे उकळणे, डबे धुणे, आजाऱ्यांना वेगळे काढणे, आणि शिळ्या निराशेत कुजणाऱ्या तरुणांना सांभाळणे ही तिथली रोजची लढाई. व्लादिवोस्तोकहून जहाजांनी साठ हजारांहून अधिक माणसे परतली, त्यांत १९२० साली लांगर आला. त्याच वर्षी ‘लोखंडी लांडगा’ हा त्याचा कथासंग्रह निघाला. त्यातल्या सैनिकांना पोवाड्यातले वीर म्हणता येणार नाही. थंडी, भूक आणि घरची ओढ यांत टिकून राहिलेली ती साधी माणसे आहेत. आता माणसे जवळ आली होती. आणि परतल्यावर त्याने एक गोष्ट केली जिच्याकडे चरित्रकार घाईने पाहून पुढे जातात. पदवीधर डॉक्टर, नाव असलेला लेखक. नागरी व्यवसाय उघडणे सहज शक्य होते. तो सैन्यातच राहिला. नाटके गाजली तरी राहिला. १९३० ते १९३५ विनोह्राडी नाट्यगृहाच्या नाट्यविभागाची जबाबदारी सांभाळली तेव्हाही गणवेश उतरवला नाही.

आता नाटकांकडे येतो, आणि सर्वांत आधी १९२५ सालच्या ‘पेरिफेरिए’कडे. आपण त्याला ‘वेशीबाहेर’ म्हणू. प्रागच्या कडेचा भाग, जिथे शहर संपत आलेले असते आणि रान सुरू झालेले नसते. अर्धवट बांधकामे, दारूचे गुत्ते, रात्री फिरणारी माणसे. तुरुंगातून नुकताच सुटलेला फ्रांत्सी नावाचा तरुण आणि आना ही मुलगी. रागाच्या एका झटक्यात फ्रांत्सीच्या हातून माणूस मरतो. प्रेत हलवले जाते, आणि कोणाला फ्रांत्सीचा संशयही येत नाही. नेहमीच्या गुन्हेनाट्यात इथून पुढे पकडले जाण्याची भीती चढत जाते. लांगर उलटा जातो. फ्रांत्सी सुटला आहे, आणि हे सुटणेच त्याला सोसवत नाही. आपण केले ते कोणीतरी ऐकावे, लिहून घ्यावे, त्याचे जे काय माप असेल ते आपल्या पदरात घालावे, म्हणून तो धडपडतो. पण या जगात कोणालाही ते नको आहे. वेशीबाहेर भटकणारा, पद गेलेला एक माजी न्यायाधीश त्याला भेटतो. तो कायदा जाणतो, अपराधही ओळखतो, पण निवाडा देण्याचा अधिकार त्याच्याकडे उरलेला नाही. ज्याच्याकडे अधिकार आहे त्याला फुरसत नाही आणि ज्याला कळते त्याच्याकडे अधिकार नाही. या दोघांच्या मध्ये फ्रांत्सी अडकतो. अपराध सिद्ध होणे ही एक गोष्ट आणि अपराधाची जबाबदारी अंगावर घेणे ही दुसरी. आपण न्यायसंस्था उभारताना या दोन गोष्टी जोडून टाकतो. लांगरने त्या सोडवून दाखवल्या.

इथे जाणकार श्रोता लगेच म्हणेल, हे तर डोस्टोएव्हस्कीचे ऋण. ‘गुन्हा आणि शिक्षा’मधला रास्कोल्निकोव्हही खून पचवू शकत नाही, तोही शेवटी कबुली देतो. लांगर रशियात चार वर्षे राहिलेला, त्याने ते तिथूनच उचलले. ऋण आहे हे मी नाकारत नाही. पण दोन कृतींतला फरक बारकाईने पाहा. रास्कोल्निकोव्हसमोर तपास अधिकारी पोर्फिरी आहे. त्याच्याकडे पुरावा नसला तरी त्याला सगळे ठाऊक आहे आणि तो वाट पाहतो. म्हणजे तिथे सत्ता डोळे उघडे ठेवून बसली आहे, तिच्यामागे धर्म आहे, आणि सैबेरियातली शिक्षा ही नव्या जन्माची वाट आहे. फ्रांत्सीसमोर असा कोणी नाही. लांगरच्या शहरात देव आणि सरकार दोघेही दुसऱ्या कामात आहेत. शिक्षा मागणाऱ्याला शिक्षा देणारा मिळत नाही, ही डोस्टोएव्हस्कीची परिस्थिती नव्हे. ही १९१८ नंतरच्या युरोपची परिस्थिती आहे. चार वर्षे कोट्यवधींना माणसे मारण्याचा हुकूम होता, त्यातल्या फारच थोड्यांची फाइल कुठल्या न्यायालयात उघडली गेली होती. घरी परतलेल्या प्रत्येक शिपायाच्या हिशेबात असे काहीतरी होते जे कोणी ऐकून घेणार नव्हते. असे सांगायला येणारी माणसे युद्धकाळात कुणाकडे येतात? पाद्र्याकडे, आणि तो नसला तर डॉक्टरकडे. लांगरने या नाटकाला दोन वेगवेगळे शेवट लिहिले. टीकाकारांनी यात नाट्यगृहाच्या व्यवहाराला दिलेली सूट पाहिली. मला वाटते, प्रश्नच असा होता की त्याला एक शेवट पुरणे अवघड होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लांगरचे नाव झाले ते विनोदी नाटकांमुळे, आणि त्यांत कुठे आहे ही जबाबदारी? १९२३ सालचे ‘सुईच्या नेढ्यातून उंट’ घ्या. तळघरात राहणारे, दुसऱ्यांच्या दयेवर जगण्यात पटाईत झालेले पेश्ता कुटुंब; त्यांची मुलगी झुझका; आणि श्रीमंत बापाचा बुजरा, कशातच रस न वाटणारा मुलगा आलिक. दोघांचे जमते. नाव बायबलमधल्या वचनावरून घेतलेले आहे, पण लांगरला श्रीमंतांना स्वर्गाचे दार दाखवण्यात काही रस नाही. त्याचे सारे लक्ष झुझकावर आहे. ती आलिकच्या पैशावर जगायचे नाकारते आणि दोघे मिळून दुधाचे दुकान काढतात. पोरका वाटणारा तो मुलगा सकाळी उठून गिऱ्हाइकांना दूध मोजून द्यायला लागतो तेव्हा पहिल्यांदा धडधाकट दिसतो. डॉक्टरने लिहिलेले हे नाटक आहे, हे या एका गोष्टीत दिसते: रोग ओळखला आहे, औषध काम आहे, आणि ते रोग्याने स्वतः घ्यायचे आहे. १९२९ सालच्या ‘फेर्दिश पिश्तोराचे परिवर्तन’मध्ये तिजोऱ्या फोडणारा चोर चोरी करायला गेलेल्या घरात आग लागल्यावर मुलांना वाचवतो. लोक त्याला वीर ठरवतात, साल्व्हेशन आर्मी त्याला आपल्यात ओढते. इथे ‘वेशीबाहेर’चा साचा उलटा झाला आहे. फ्रांत्सीला हवी ती शिक्षा मिळत नाही, फेर्दिशला न मागता पुण्याई चिकटते, आणि दोघांनाही जगाने दिलेला निकाल स्वतःच्या माहितीशी जुळवून घ्यायचा आहे. प्रेक्षक हसतो, पण प्रश्न तोच आहे. काही विनोदी नाटकांत तो पातळ होतो, हेही कबूल करायला हवे. ‘ग्रँड हॉटेल नेवाडा’साठी मी एवढ्या जोराने बाजू मांडणार नाही.

तिसरे नाटक, ज्यावर मला अधिक वेळ द्यायचा आहे, ते १९३१ सालचे ‘आपल्यातले देवदूत’. एक देवदूत डॉक्टरच्या रूपाने पृथ्वीवर येतो आणि असाध्य वेदनेत तळमळणाऱ्यांना मृत्यू देऊन सोडवतो. त्याच्यावर खटला उभा राहतो. हे नाटक आज वाचताना अंगावर काटा येतो, कारण पुढे काय झाले ते आपल्याला माहीत आहे. १९३९ च्या शरद ऋतूत नाझी जर्मनीने मनोरुग्ण आणि अपंग यांना मारण्याची मोहीम सुरू केली आणि तिला दयामृत्यूचेच नाव दिले. ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांवर माणसे वायूच्या खोल्यांत मारली गेली. ती मोहीम डॉक्टरांनी चालवली. तज्ज्ञ म्हणून नेमलेले डॉक्टर रुग्णाला न पाहता छापील अर्ज वाचायचे आणि मरणासाठी तांबड्या पेन्सिलीने अधिकची खूण, जगण्यासाठी निळ्या पेन्सिलीने वजाची खूण करायचे. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की लांगरने आठ वर्षे आधी या विचाराला देवदूताचे पंख लावून दिले नाहीत का? हा आरोप मी गंभीरपणे घेतो. माझे उत्तर नाटकाच्या रचनेत आहे. लांगरचा देवदूत प्रत्येक रोग्याच्या उशाशी बसतो, त्याचे ऐकतो, जे करायचे ते स्वतःच्या हाताने करतो, आणि मग माणसांच्या न्यायालयात आरोपी म्हणून उभा राहतो. निर्णय घेणाऱ्याला त्या निर्णयाखाली उभे केल्याशिवाय लांगर नाटक पुढे नेत नाही. बर्लिनच्या त्या अर्जांत नेमके हेच काढून टाकले होते: रोग्याचा चेहरा, डॉक्टरचा हात आणि न्यायालयाची शक्यता. ज्याने आयुष्यभर ‘तंदुरुस्त’ या शेऱ्याखाली सह्या केल्या त्याला सही आणि चेहरा यांच्यातले अंतर किती घातक असते हे ठाऊक होते. दयामृत्यू योग्य की अयोग्य, याचे उत्तर नाटक देत नाही. तो निर्णय कोणी घेतलाच तर त्याने अंधारात राहता कामा नये, एवढे मात्र ते ठामपणे सांगते. इतके पुरेसे आहे का? मला वाटते, वैद्यकीय नीतीविषयी त्या दशकात युरोपच्या रंगमंचावर इतके स्पष्ट फारच कमी जणांनी सांगितले.

१९३७ सालच्या ‘बहात्तर नंबर’वर थोडक्यात बोलतो. तुरुंगातली एक कैदी, नवऱ्याच्या खुनासाठी शिक्षा भोगणारी, नावाऐवजी बहात्तर या आकड्याने ओळखली जाणारी. ती आपल्याच खटल्याचे नाटक लिहिते आणि तुरुंगात ते सादर होते. प्रयोग चालू असताना न्यायालयाने जे सत्य म्हणून नोंदवले होते ते उसवू लागते. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला ही रचना ओळखीची वाटेल. दोन नाटकांचा परस्परांशी काही संबंध नाही, आणि तेंडुलकरांच्या नाटकात खेळातला खटला बाईला घेरतो, तर इथे बाई स्वतःच्या मर्जीने तो पुन्हा उभा करते. लांगरच्या दृष्टीने पाहिले तर ही फ्रांत्सीची बहीण. त्याचा निकाल लागलाच नव्हता, हिचा चुकीचा लागला आहे. दोघांनाही निकालापलीकडे जाऊन खरे काय ते सांगायचे आहे.

माझ्या मांडणीतली कच्ची बाजू मी आता पुढे ठेवतो. लांगर ज्या फौजेत होता तिच्याविषयी त्याने हीच कसोटी लावली का? सैबेरियातला लीजन रशियाच्या यादवी युद्धात एक बाजू होता. जानेवारी १९२० मध्ये लीजनने बोल्शेविकविरोधी सरकारचा प्रमुख कोल्चाक याला त्याच्या विरोधकांच्या स्वाधीन केले, लीजनवर लुटीचे आरोप झाले. लांगरचा जुना मित्र हाशेक १९१८ साली लीजन सोडून लाल सेनेत गेला, तेव्हा लीजनने त्याच्यावर पकड वॉरंट काढले. एकाच खाणावळीतून निघालेले दोन चेक लेखक समोरासमोरच्या फौजांत उभे होते. एवढा मोठा नाट्यविषय हाती असूनही १९३५ सालच्या ‘घोडदळाची गस्त’मध्ये लांगरने तो घेतला नाही. त्या नाटकात सैबेरियात वेढ्यात सापडलेली एक छोटी तुकडी आहे. मायदेशी प्रजासत्ताक उभे राहिले आहे आणि यांना अजून मरावे लागणार आहे. माणसे जिवंत आहेत, मृत्यूची वाट पाहण्याचे प्रसंग अस्सल आहेत. पण आम्ही इथे का आहोत आणि आमच्या हातून काय झाले, हा ‘वेशीबाहेर’मधला प्रश्न या सैनिकांना कोणी विचारत नाही. लांगर लीजनचा माणूस होता आणि तिथे त्याची नजर मऊ पडली. हा दोष आहे. त्याने माझी मांडणी कोसळत नाही, पण ती कुठवर पोहोचते याची सीमा मात्र ठरते.

आता त्याच्या ज्यू असण्याकडे वळतो. लांगरच्या नाटकांत ज्यू विषय शोधणाऱ्याच्या हाती फार काही लागत नाही. तो चेक लेखक होता, मासारिकच्या प्रजासत्ताकाचा अधिकारी होता, चापेकच्या घरी शुक्रवारी भरणाऱ्या बैठकीत राष्ट्राध्यक्ष मासारिकांसोबत बसणारा होता. यावर असा आक्षेप येतो की त्याने आपले मूळ बाजूला सारले. याचे उत्तर देण्याआधी शेजारच्या व्हिएन्नाकडे पाहा. आर्थुर श्निट्झलरही ज्यू, तोही डॉक्टर, तोही नाटककार, आणि सैन्याच्या राखीव दलात डॉक्टरच्या हुद्द्यावर. अधिकाऱ्यांच्या पोकळ मानापमानावर त्याने ‘लेफ्टनंट गुस्टल’ ही कथा लिहिली आणि १९०१ साली त्याचा हुद्दा काढून घेण्यात आला. वीस वर्षांनंतर प्रागमध्ये एक ज्यू डॉक्टर खुनी, वेश्या आणि तिजोरीफोड्यांवर नाटके लिहितो, आणि सैन्य त्याला बढती देत राहते. लांगरची त्या प्रजासत्ताकावरची निष्ठा अशी कमावलेली होती. तिच्याकडे मूळ विसरणाऱ्याची लाचारी म्हणून पाहणे अन्यायाचे आहे.

पण त्याच्या घरातच दुसरे उत्तर वाढत होते. धाकटा भाऊ यिर्झी, जन्म १८९४, १९१३ साली घर सोडून गॅलिशियातल्या बेल्झ गावी हसीदी गुरूच्या दरबारात गेला आणि काळा झगा, कल्ले आणि सगळी कर्मठ दिनचर्या घेऊन विनोह्राडीत परतला. आधुनिक चेक घर हादरले. फ्रांटिशेकने पुढे त्या दिवसांविषयी लिहिताना काफ्काच्या ‘मेटामॉर्फोसिस’ची आठवण काढली आहे, इतका यिर्झी घरात परका होऊन बसला होता. काफ्का स्वतः यिर्झीचा मित्र होता, आणि १९१६ साली मारियनबाडला बेल्झच्या गुरूला पाहायला त्याच्यासोबत गेला होता. युद्धात यिर्झीलाही सैन्याने बोलावले. शब्बाथच्या दिवशी काम करायला त्याने नकार दिला, कैद भोगली आणि अखेर सुटला. एक भाऊ सैन्याच्या शिस्तीत राहून माणसे वाचवत होता, दुसरा त्याच शिस्तीला नाही म्हणत होता. यिर्झीने पुढे चेक, जर्मन आणि हिब्रू अशा तीन भाषांत लिहिले. हसीदी कथांचे त्याचे ‘नऊ दरवाजे’ हे पुस्तक १९३७ साली चेकमध्ये आले.

१५ मार्च १९३९ रोजी जर्मन फौज प्रागमध्ये शिरली. एकावन्न वर्षांचा लांगर पोलंडमार्गे फ्रान्सला आणि १९४० साली ब्रिटनला गेला, आणि निर्वासित चेकोस्लोव्हाक सेनेच्या आरोग्यसेवेचा प्रमुख झाला. ज्या वयात लेखक आपली समग्र नाटके संपादित करतात, त्या वयात तो पुन्हा रुग्णालये, औषधसाठा आणि तंदुरुस्तीच्या शेऱ्यांमध्ये होता. मायदेशी त्याच्या नाटकांना जागा उरली नव्हती. यिर्झी डॅन्यूबच्या मार्गाने पॅलेस्टाइनकडे निघाला. हिवाळ्यात जहाज नदीवर अडकून पडले, त्या हालांत जडलेले दुखणे त्याला सोडेना, आणि मार्च १९४३ मध्ये तेल अवीवला तो वारला. बोहेमिया आणि मोराव्हियातल्या ज्या ज्यूंना निघता आले नाही, त्यांपैकी सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार बळींची नावे आज प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर लिहिलेली आहेत. लांगर १९४५ साली परतला तो या भिंतीच्या अलीकडचा माणूस म्हणून. ‘माझा भाऊ यिर्झी’ हे त्याचे लेखन ‘नऊ दरवाजे’च्या इंग्रजी आवृत्तीसाठी १९६१ साली प्रस्तावना म्हणून आले. मी ते त्याच्या नाटकांच्या रांगेत ठेवतो. त्या घरात काय घडले, भावाला आम्ही कसे वागवले, कुणाला काय कळले नाही, याची जबानी तो शांतपणे देतो. आरोप कोणी केलेला नव्हता. ऐकून घेणारे बहुतेक उरले नव्हते. सत्तरी ओलांडलेला हा डॉक्टर तरीही सांगत राहतो, कारण ते सांगणे त्याच्याकडे देणे होते. मूळ बाजूला सारण्याच्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर मला देता येणार नाही.

१९४७ साली त्याला राष्ट्रीय कलावंत ही पदवी मिळाली. फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि सैबेरियातल्या लीजनचे नाव काढणेही नकोसे झाले. लीजनचा डॉक्टर, मासारिकचा मित्र, लंडनच्या निर्वासित सेनेचा जनरल: त्या राजवटीला खटकणारे सगळे त्याच्यात एकवटले होते. १९६३ साली, वातावरण थोडे सैल झाल्यावर, ‘ती माणसे होती आणि ते सारे होते’ अशा अर्थाच्या नावाचे त्याचे आठवणींचे पुस्तक निघाले. त्यात हाशेक आहे, चापेक आहे, मासारिक आहेत. दोन वर्षांनी तो गेला.

माझा निष्कर्ष असा की ‘वेशीबाहेर’ हे विसाव्या शतकातल्या युरोपीय नाटकांत पहिल्या रांगेत बसणारे नाटक आहे, आणि ते लिहायला रेजिमेंटचा डॉक्टरच हवा होता. ब्रेश्टला आपल्याकडे खानोलकरांनी आणि पुलंनी आणले, तसे या नाटकाकडे आपल्या नाटककारांनी आणि नाट्यसंस्थांनी पाहावे. चेक शिकलेल्या एखाद्या मराठी माणसाने ते मूळ भाषेतून, दोन्ही शेवटांसह अनुवादित करावे. कोणता शेवट घ्यायचा ते दिग्दर्शकाने ठरवावे, आणि का घेतला ते प्रयोगानंतर प्रेक्षकांना सांगावे.